पेटी

गेल्या वर्षी दसऱ्याला आम्ही नेहमीप्रमाणे आमच्या कॉम्प्युटरला झेंडूची माळ घातली, हळदकुंकू वाहिले, आणि त्याच संध्याकाळी त्याने मान टाकली. बटन दाबले तर आतून नुसता एक सुस्कारा आला. पुन्हा दाबले, तर तोही आला नाही. ही म्हणाली, "अहो, माळ ओली होती का?" मी म्हटले, "माळेचा काही दोष नाही. त्याचे वय झाले."

वय झाले हे खरेच होते. हा कॉम्प्युटर मी २००९ साली अकोल्याहून आणला. मुलगा तेव्हा दहावीला होता आणि ज्या घरात कॉम्प्युटर नाही त्या घरातला मुलगा मागे पडतो अशी त्या काळी सर्वांची समजूत होती. मुलगा पुढे गेला, पुण्याला नोकरीला लागला. कॉम्प्युटर मात्र मागे, आमच्याजवळ जऊळक्यालाच राहिला. आईबापांच्या नशिबी जे येते ते त्याच्याही आले म्हणायचे.

अलीकडे त्याला विस्मरण जडले होते. आतल्या फळीवर रुपयाएवढी एक बॅटरीची चकती असते. बाहेरची वीज गेली तरी घड्याळ चालू ठेवणे हे तिचे काम. ती मेल्यामुळे लाईन गेली की आमचा कॉम्प्युटर तारीख विसरे आणि पुन्हा जागा झाला की १ जानेवारी २००९ हीच तारीख दाखवी. मग कुठलेही संकेतस्थळ त्याला दारात उभे करीना. कारण त्यांची सुरक्षिततेची प्रमाणपत्रे ठरावीक मुदतीची असतात आणि २००९ मध्ये राहणाऱ्या पाहुण्याला ती सगळी अजून सुरूच न झालेली दिसतात. मी रोज सकाळी चष्मा लावून त्याला आजची तारीख सांगत असे. म्हाताऱ्या माणसाला सांगावी तशी.

पुण्याला फोन केला. चिरंजीव म्हणाले, "बाबा, आता त्याच्यावर एक रुपयाही घालू नका. धनत्रयोदशीला मी नवा पाठवतो." त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. आमच्या यंत्रात विंडोज ७, आणि तिची देखभाल मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० लाच थांबवलेली. तिच्या मागून आलेल्या विंडोज १० चीही नेहमीची मोफत देखभाल नेमकी त्या दिवाळीच्या तोंडावर, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपायची होती. आणि विंडोज ११ एवढ्या जुन्या प्रोसेसरला आपल्या पंगतीलाच बसू देत नाही. थोडक्यात, आमच्या पेटीला जगाने निवृत्त करून पाच वर्षे झाली होती. ही बातमी तेवढी आमच्यापर्यंत पोचली नव्हती.

पण 'नवा घेऊ' हे शब्द माझ्या तोंडून निघेनात. एक कारण साधे होते. त्या साली ऑगस्ट-सप्टेंबरच्या पावसाने सोयाबीनची दैना केली. शेंगा झाडावरच काळ्या पडल्या. पेन्शनवर घर चालते, पण शेत चालत नाही. हरभऱ्याचे बियाणे घ्यायचे होते. अशा वेळी मुलाने धाडलेले तीस-पस्तीस हजार टेबलावर शोभेला मांडून ठेवायचे हे मनाला पटेना.

दुसरे कारण मात्र मी मुलाला सांगितले नव्हते. त्या पेटीत माझी आई होती.

'पेटी' हा शब्द तिचाच. कॉम्प्युटर आला तेव्हा ती ऐंशीच्या घरात होती. मुलगा शाळेत गेला की दुपारी ती माझ्या शेजारी खाटेवर बसे आणि सांगू लागे. तिच्या लग्नात बंड्या किती आल्या, कोणत्या वावराला काय नाव होते आणि ते कशावरून पडले, दुष्काळात ज्वारीच्या कण्या कशा पुरवल्या, आगगाडीच्या शिटीवर गावातल्या बाया स्वयंपाकाची वेळ कशी धरत. मी निवृत्तीला आलेला मराठीचा मास्तर. मी ते सगळे नीटनेटके करून टाईप करीत असे. त्या वर्षांत भारनियमनाचा अंमल होता. ती रंगात आलेली असावी आणि पडदा काळा व्हावा! मी कपाळाला हात लावी. ती शांतपणे विचारी, "काय रे, माह्यं बोलनं गिळलं का त्यानं?" मग लाईन येईपर्यंत थांबून तेच पुन्हा सांगे, आणि दर वेळी त्यात काहीतरी नवे निघे. २०१३ साली ती गेली. साठ-बासष्ट पाने झाली होती.

आता तुम्ही म्हणाल, ती पाने पेनड्राइव्हवर घ्यायची आणि मोकळे व्हायचे; एवढा खल कशाला? मीही तसेच समजत होतो. पूर्वी एकदा ती फाईल मुलाच्या लॅपटॉपवर उघडून पाहिली होती. उघडली, तर आईच्या जागी इंग्रजी अक्षरांची, कंसांची आणि प्रश्नचिन्हांची भेळ! त्याचे कारण असे. मी जो टाईप वापरला तो टाइपरायटरच्या वळणाचा, कृतिदेव जातीचा. या जुन्या फाँटांत मराठी अक्षर हे नुसते वरचे कपडे असतात. पडद्यावर 'क' दिसतो, पण यंत्राने आत ठेवलेला असतो इंग्रजी 'डी'. तो फाँट जिथे नाही तिथे कपडे गळून पडतात आणि डी उघडा पडतो. १९९१ साली युनिकोड आले आणि त्यात देवनागरीला स्वतःचे घर मिळाले. क म्हणजे २३२५ वा क्रमांक, मग यंत्र कोणतेही असो. मी मात्र २००९ सालीही भाड्याच्याच घरात लिहीत बसलो होतो.

मालेगावच्या बाजारात एक मुलगा दुरुस्तीचे दुकान चालवतो. माझाच विद्यार्थी. अभ्यासात यथातथाच होता. पण वर्गातले घड्याळ बंद पडले की तोच बाकावर चढे. पेटी पोत्यात गुंडाळून, ऑटोत मांडीवर घेऊन त्याच्याकडे नेली. त्याने झाकण काढले आणि हसू लागला. "गुरुजी, हे पाहा. सोयाबीनचं कुटार निघालं आतून!" आमच्या घरामागेच दर हंगामात मळणीयंत्र चालते. पंधरा वर्षांची धूळ त्या पंख्याने इमानेइतबारे आत ओढून घेतली होती. वीज पुरवणारा डबा जळाला होता. त्याने स्वतःजवळचा डबा जोडून पाहिला तेव्हा यंत्र हलले. पण हार्डडिस्कमधून टक् टक् असा आवाज येऊ लागला, पालीने चुकचुकावे तसा. त्याचा चेहरा गंभीर झाला आणि त्याने लगेच बटन बंद केले.

मी विचारले, "मग काय करावे? दुरुस्त करू, की नवा घेऊ?"

तो म्हणाला, "ते मंग पाहू, गुरुजी. आधी आतलं काढून घेऊ. डबा काय, बाजारात भेटते. आतलं भेटत नाई."

हा मुलगा माझ्या वर्गात चाळीस टक्क्यांच्या वर कधी गेला नव्हता. मी आठ दिवस एकच प्रश्न घेऊन झुरत होतो, आणि तो एक नसून दोन आहेत हे त्याने एका वाक्यात दाखवले. यंत्राचे काय करायचे हा एक, आणि यंत्रात जे ठेवले त्याचे काय हा दुसरा. दुसरा आधी सोडवला की पहिला निम्मा उरतो, निव्वळ हिशेबापुरता.

हिशेब त्याने कागदाच्या चिठोऱ्यावर मांडला. नवा वीजपुरवठ्याचा डबा, ती चकती, साफसफाई, आणि टकटकणाऱ्या तबकडीच्या जागी हलते भाग नसलेली नवी एसएसडी. सगळे मिळून तीन हजार चारशे. विंडोजऐवजी फुकट मिळणारे लिनक्स घालून देतो म्हणाला. वर स्पष्ट बजावले, "फळी जुनीच राहीन. वर्स चालीन, तीन वर्सं चालीन, गॅरंटी नाई. बँकीचं काम याच्यावर करू नका." असा खरे बोलणारा दुकानदार भेटला की गिऱ्हाइकाचा निम्मा निर्णय आपोआप होतो.

जुन्याला चिकटून राहण्यात मोठा सद्गुण आहे असे मला वाटत नाही. आमच्या गावाने तर बदलण्याचा अर्थ डोळ्यांनी पाहिला आहे. पूर्णा-अकोला हा आमचा लोहमार्ग मीटर गेजचा. एक मीटर रुंदीच्या रुळांवरून काचीगुड्याहून जयपूरला जाणारी मीनाक्षी एक्सप्रेस आमच्या अंगणासमोरून जाई. ते रूळ आणखी किती वर्षे डागडुजी करून चालवणार? २००८ साली ते उखडून १६७६ मिलिमीटरचे घातले गेले. त्या जुन्या गाडीसाठी कित्येकांचे डोळे ओले झाले. पण मालगाड्या आणि लांबच्या गाड्या त्या रुंद रुळांमुळेच आमच्या दारी आल्या. उलट अकोटच्या पुढे, मेळघाटच्या जंगलातून जाणारी वाट रुंद करावी की वळवून नवी काढावी, या प्रश्नावर वर्षानुवर्षे वाद झाला. तिथे बदल म्हणजे वाघाच्या घरातून रस्ता. म्हणजे बदल चांगला की वाईट हे रुळांवर ठरत नाही; रूळ कशातून जातात त्यावर ठरते.

आणि दुरुस्ती तरी कशाला म्हणायचे? आमच्या गोठ्यात आजोबांचा वखर आहे. त्याची पास तीनदा बदलली, रुमणे दोनदा बदलले. तरी कोणी विचारले तर आम्ही सांगतो, "आज्याचा वखर हाय." शेतकऱ्याला यात काही विसंगती वाटत नाही. वखर वावरात चालतो आहे ना, मग तो आजोबांचाच.

मी दुरुस्तीला हो म्हटले. मुलाला फोन करून हिशेब सांगितला. तो क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, "मग ते पैसे हरभऱ्याला घ्या." त्या हरभऱ्याची पेरणी दिवाळीनंतर झाली.

चकती बदलण्यापूर्वी दुकानात यंत्र एकदा सुरू करून पाहिले. पडद्यावर तीच तारीख आली : १ जानेवारी २००९. त्या तारखेला आई घरात होती. बोरांचा हंगाम होता. मी पडद्याकडे पाहत राहिलो. मुलगा हातात नवी चकती घेऊन उभा होता; त्याला काय कळले कोण जाणे, पण त्याने घाई केली नाही. मग मीच म्हटले, "बसव."

टकटकणाऱ्या तबकडीतून फाईल निघाली. ती युनिकोडात उतरवणारी सोय आहे. पण ती उतरवताना सांडलवंड होते. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाईप होते, नव्यात ती अक्षरानंतर साठवली जाते. रफाराचे नेमके उलटे. त्यामुळे मात्रा भलत्याच डोक्यावर जाऊन बसतात. मला साठही पाने ओळीओळीने तपासावी लागली. बारा वर्षांत जी मी उघडली नव्हती ती पाने दहा रात्री बसून वाचली. यंत्र मेले नसते तर ती वाचली गेली असती की नाही, देव जाणे.

भाऊबीजेला रिसोडहून थोरली बहीण आली. ओवाळणीच्या ताटात मी त्या पानांची छापील प्रत ठेवली. तिने चष्मा लावला, पहिले पान वाचले, दुसरे वाचले. मला वाटले आता डोळे पुसेल. तिने मान वर केली आणि म्हणाली, "हे कोनाचं हाय रे?"

"आईचे. तिने सांगितलेले."

"मायचं नाई हे. माय कधी 'शेताच्या बांधावर' म्हने काय? 'वावराच्या धुऱ्यावर' म्हने ते."

मी उत्तर देऊ शकलो नाही. तिचे बरोबर होते. मास्तर होतो ना! आई एकेक शब्द सांगत होती आणि मी तो शुद्ध करून लिहीत होतो. धुऱ्याचा बांध केला, पऱ्हाटीचे कापसाचे झाड केले, बंडीची बैलगाडी केली. लाईन गेल्यावर आईने विचारले होते, बोलणे गिळले का त्याने? पेटीने नव्हे, मीच गिळले होते. जिथे काही मोडलेले नव्हते तिथे मी दुरुस्ती करीत गेलो, आणि दुरुस्ती म्हणता म्हणता माणूसच बदलून टाकले.

ताई दोन दिवसांसाठी आली होती, आठ दिवस राहिली. ती खाटेवर आईच्या जागी बसे, मी वाचे, आणि ती प्रत्येक ओळीला आईचा शब्द परत देई. काही शब्द आम्हा दोघांनाही आठवले नाहीत; तिथे मी रिकामी जागा सोडली आहे. पहिली बावीस पाने झाली. बाकीची या भाऊबीजेला करायची आहेत. ताईचे वय आता अठ्ठ्याहत्तर, माझे एकाहत्तर. पेटीची दुरुस्त करणाऱ्याने गॅरंटी दिलेली नाही, आमची तर कोणीच दिलेली नाही.

यंदाही दसऱ्याला माळ घातली. ही म्हणाली, "या वेळी कोरडी घातली हो." पेटी सुरू झाली आणि तारीख बरोबर दाखवली.