पेठेतून पेठांकडे

अकोल्याहून निघून पातूरचा घाट लागला की सायकल आपलं खरं वजन दाखवते. मागे पयनघाट पसरलेला, धुक्यात भिजलेली काळी माती आणि वेचणीला आलेल्या कपाशीचा पांढरा शिडकावा. वर बालाघाटाची कोरडी, गार हवा. मधे मी, छातीत श्वास मावत नाही, चेन कुरकुरते, मांड्यांतली कळ पाठीपर्यंत चढते, आता उतरावंच म्हणेपर्यंत रस्ता सपाट होतो.

कानात वारा शिरतो.

मेहकरच्या अलीकडे टपरीवरच्या म्हाताऱ्याने विचारलं, "सायकलनं पुण्याले? काहून बाप्पा?" काय सांगणार? पुणं म्हणजे सायकलींचं शहर, कारखाना सुटला की खडकीचा रस्ता सायकलींनी भरून वाहतो, असं लहानपणी ऐकलेलं. ते पाहायला निघालो होतो, बराच उशिरा. सिंदखेडराजा, जालना मागे पडलं, प्रवरासंगमला गोदेवरच्या वाऱ्याने घाम वाळवला, आणि एका संध्याकाळी पुणं आलं.

सातारा रस्त्याच्या कडेला सायकल ट्रॅक सापडला. त्यावर स्कूटर उभ्या होत्या, पुढे पेरूची गाडी, त्यापुढे उकरलेला खड्डा. पेरू मात्र गोड निघाले.

सायकली भेटल्या त्या कर्वेनगरच्या संग्रहालयात. दुसऱ्या महायुद्धातली छत्रीधारी सैनिकांची घडीची सायकल तिथे आहे. मी रेंगाळलो एका कातडी सीटपाशी. वर्षानुवर्षांच्या बसण्याने मधोमध खोलगट झालेली, कडेला बारीक भेगा, आणि पुढच्या टोकाला कुणाच्या तरी धोतराने घासून आणलेली चकाकी.

त्या चकाकीत अकोल्याची जठारपेठ उजळली. तासाच्या भाड्याने आणलेली, माझ्याहून उंच सायकल, नळीखालून पाय घालून मारलेली कैची, गुडघ्यावर सुकलेलं रक्त, आणि समोरून येणारा पोत्यांनी लादलेला हातगाडा अडवून ओट्यावरच्या काकूंनी दिलेली हाक: "पोट्टं सायकल शिकून राह्यलं, थांबा थोडं!" हातगाडा थांबायचा. मागचा रिक्षाही थांबायचा. माझी वेडीवाकडी रेघ पार होईपर्यंत अख्खी पेठ खोळंबायची, आणि कुणाला त्याचं काही वाटायचं नाही.

नेदरलँड्समध्ये उट्रेख्टच्या रेल्वे स्टेशनाखाली १२,५०० सायकली उभ्या राहतात म्हणे, आणि आपण हळहळतो. पण १९७०च्या दशकात मोटारींखाली लेकरं जाऊ लागली, तेव्हा तिथले आईबाप रस्ते अडवून उभे राहिले होते. त्या आया मला ओट्यावरच्या काकूंच्या सख्ख्या वाटतात.

पुण्याला चढउतार तरी आहेत. अकोला पाटासारखं सपाट. मे महिना सोडला (तो सोडावाच लागतो) तर सायकलीला याहून सोपं गाव शोधून सापडणार नाही. तेव्हा जठारपेठेतून गाडी काढताना पुढे एखादं पोट्टं डुगडुगत चाललेलं दिसलं, तर हॉर्न देऊ नका, बाप्पा. थांबा थोडं.