फक्त फॅमिलीसाठी

पीएल लागल्या की आमच्या विंगमध्ये अभ्यास सोडून बाकी सगळं सुरू होतं. त्यात पहिला नंबर 'अशी ही बनवाबनवी'चा. एका लॅपटॉपसमोर चौदा पोट्टे, आणि प्रत्येकाला संवाद पाठ! अशोक सराफ तोंड उघडायच्या आत मागून कोणीतरी बोलून मोकळा. पिक्चर १९८८ चा, म्हणजे आमच्यापैकी कोणाचा जन्मही नव्हता. मूळ गोष्ट हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ च्या 'बीवी और मकान'ची, पण तो आमच्या विंगमध्ये एकानेही पाहिलेला नाही. लक्ष्मीकांत बेर्डे २००४ मध्ये गेला, आमच्याकडे मात्र तो दर सेमिस्टरला साडी नेसतो.

सगळे हसतात सचिनची सुधा अन् लक्ष्याची पार्वती पाहून. माझं लक्ष असतं लीलाबाई काळभोरांकडे. जोडपी असतील तरच जागा देणार, ही त्यांची अट. ती नसती तर पिक्चरच झाला नसता! हॉलीवूडच्या 'सम लाइक इट हॉट'मध्ये (१९५९) दोघं गुंडांपासून जीव वाचवायला बायका होतात. आपले हिरो कशासाठी, तर पुण्यात भाड्याच्या जागेसाठी! प्रेम नंतर येतं, अन् तेव्हा खरी पंचाईत होते. सुधीरला मनीषा आवडते, पण घरात तिच्यासमोर तो सुधा.

फर्स्ट इयरला हॉस्टेलच्या लिस्टमध्ये नाव लागलं नाही, तेव्हा मी आणि माझा अकोल्याचा मित्र कठोरा नाक्यापासून गाडगेनगरपर्यंत रूम शोधत फिरलो. "पोट्ट्यायले नाही देत बाप्पा!" हे तर ठरलेलंच. कुठे मात्र रूम दाखवून झाल्यावर, ॲडव्हान्स ठरल्यावर, सहज विचारल्यासारखं यायचं, "आडनाव काय म्हनलं?" मित्राने सांगितलं की रूम कालच गेलेली असायची. तीनदा असं झालं. चौथ्या घरी मी माझं आडनाव सांगितलं, अन् मी काही बोलायच्या आत तो म्हणाला, "आमी चुलतभाऊ, काकू."

रूम मिळाली. साडी नाही, विग नाही, नुसतं एक आडनाव!

काकूंचा जीव माझ्यापेक्षा त्याच्यावरच जास्त. त्याला ताप आला तेव्हा तीन दिवस मऊ भात त्याच्याच नावाने वर यायचा. नाव म्हणजे, माझं आडनाव लावलेलं. पण त्याचे बाबा अकोल्याहून डबा घेऊन यायचे, तेव्हा हा बडनेऱ्याच्या प्लॅटफॉर्मवरच त्यांना भेटायचा. बाबा मास्तर. कोणाशी ओळख झाली की आधी जय भीम, मग पूर्ण नाव. "रूम पाहू दे ना बे एकदा," ते म्हणायचे. हा म्हणायचा, सबमिशन आहे बाबा, पुढच्या वेळी.

पिक्चरमध्ये शेवटी सगळं उघड होतं, अन् लीलाबाई माफही करतात. तेवढा भाग आला की आमचा हा पठ्ठ्या बाटली भरायला कूलरकडे जातो.

सेकंड इयरला आम्हा दोघांनाही हॉस्टेल मिळालं. काकू अजून दिवाळीच्या फराळाला बोलावतात. यंदा तो बाबांनाही सोबत नेणार म्हणतो.