कोळशाचा डबा
पेट्रोल भरलं की गाडी अडते, अशी तक्रार घेऊन घनसावंगीकडचे एक शिक्षक एप्रिलमध्ये माझ्या जालन्यातल्या गॅरेजवर आले. दुसरीकडे प्लग बदलून झाले होते, पेट्रोलचा पंपही बदलून झाला होता. मी विचारलं, "सर, नेमकी कधी अडते?" सर आठवू लागले, तेवढ्यात सोबत आलेल्या मॅडम म्हणाल्या, "चतुर्थीला राजूरच्या गणपतीहून येताना अडली, ती पंपावरच. त्याच्या आधी अडली, तीही पंपावरच. एक्सिलरेटर पूर्ण दाबून धरला की मग फुरफुरत चालू होते."

निम्मं निदान त्यांनीच केलं होतं.

पेट्रोल उभ्या गाडीतही उडत राहतं. आमच्याकडे मे महिन्यात पारा 42 च्या आसपास जातो, तेव्हा टाकीत वाफ फारच धरते. ती बाहेर सुटू नये म्हणून टाकीची एक नळी काळ्या प्लास्टिकच्या डब्यात नेलेली असते. त्यात खास प्रक्रिया केलेल्या कोळशाचे दाणे असतात. हा कॅनिस्टर. उभ्या गाडीची वाफ कोळसा धरून ठेवतो. गाडी चालू लागली की कॉम्प्युटर पर्ज व्हॉल्व्ह उघडतो आणि ती वाफ इंजिनात जाऊन जळते. हा व्हॉल्व्ह उघडाच अडकला, तर पेट्रोल भरताना टाकीतली वाफ थेट इंजिनापर्यंत ढकलली जाते आणि सेल्फ मारला तरी इंजिन पकडत नाही.

इंजिन थंड असताना गाडी आयडलला ठेवली. व्हॉल्व्हची टाकीकडची नळी काढून तोंडावर अंगठा धरला. खेच लागली. कपलर काढला, तरी खेच तशीच. करंट नसताना हा व्हॉल्व्ह बंद असायला हवा. तो काढून पांढऱ्या फडक्यावर आपटला, तर काळी कणी पडली.

इथे नवा व्हॉल्व्ह बसवून गाडी देता आली असती. पण ती कणी कोळशाची होती, म्हणजे डबा आतून फुटला होता. नव्या व्हॉल्व्हचीही महिन्या-दोन महिन्यांत तीच गत झाली असती. शेजारी ग्रिलचं वेल्डिंग चाललं होतं. वेल्डिंगवाल्यांना तासभर थांबायला सांगितलं आणि मगच टाकीजवळचा डबा खाली उतरवला. हलका असायला हवा तो हाताला जड लागला, हलवला तर आत पेट्रोल डचमळलं.

"सर, नोझल टक करून बंद झाल्यावर आणखी भरता का?"

"राउंड फिगर करतो. नेहमीच."

वाफेसाठी ठेवलेली जागा त्या वरच्या भरण्याने संपते आणि पेट्रोलच डब्यात उतरतं. कोळसा वाफेसाठी आहे, भिजण्यासाठी नाही.

सर म्हणाले, "मग कामून ठेवायचा तो डबा? काढूनच टाका. पीयूसी तर मिळतेच."

हे मी रोज ऐकतो. आता मोटरसायकललाही कॅनिस्टर असतो, आणि किती जण तो काढून नळी उघडी सोडतात! पीयूसीची नळी सायलेन्सरमध्ये घालतात. टाकीतून काय उडतं ते तिला कळत नाही. मी सरांना म्हटलं, "तुमची गाडी घराच्या पोर्चमध्ये, खिडकीखाली उभी असते. तिथे लेकरं झोपतात. त्या वाफेत बेंझिन असतं, त्याने कॅन्सर होतो. उन्हात याच वाफेपासून जमिनीलगत ओझोन तयार होतो, तो छातीला बाधतो. मी डबा काढून देणार नाही." आवाज चढला असेल माझा. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल, हे काम मी करत नाही.

मॅडम म्हणाल्या, "नवा बसवा."

पार्ट छत्रपती संभाजीनगरहून यायला चार दिवस लागले. तोवर दोन्ही टोकं सुटी करून मधली नळी कमी दाबाच्या हवेने साफ केली. कणी राहिली असती तर नवा व्हॉल्व्हही अडकला असता. डबा आणि व्हॉल्व्ह बसवून पुन्हा अंगठा धरला. खेच नाही.

खरी परीक्षा पंपावर होती, म्हणून मीही सोबत गेलो. नोझल टक करून थांबलं. पंपावरच्या मुलाने सवयीने पुन्हा दाबायला हात नेला, तसे सर म्हणाले, "राहू दे." आकडा 2,187 रुपये 40 पैसे. सरांनी तेवढेच फोनवरून दिले आणि चावी फिरवली. पहिल्याच सेल्फला गाडी चालू झाली.