पाचारण दोघांचे

मुलीला मागणी घालणारी पत्रे बहुधा मधाळ असतात. १८१० साली अ‍ॅडोनायरम जडसन या धर्मशास्त्राच्या तरुण विद्यार्थ्याने मॅसॅच्युसेट्स राज्यातील ब्रॅडफर्ड गावच्या जॉन हॅझलटाइन यांना लिहिलेले पत्र मात्र त्या जातीचे नाही. येत्या वसंतात मुलीला निरोप द्यायला, आणि या जगात ती पुन्हा दृष्टीस पडणार नाही हे स्वीकारायला आपण तयार आहात काय, असे तो सरळ विचारतो. मग तो समुद्रावरचे धोके मोजतो, उष्ण प्रदेशातील जीवघेणे हवामान मोजतो, दारिद्र्य, अपमान आणि छळ मोजतो. कदाचित हिंसक मृत्यूही वाट्याला येईल, हेही लपवीत नाही. मुलीचे नाव अ‍ॅन. तिची आणि लिहिणाऱ्याची ओळख होऊन फार दिवस झालेले नव्हते.

मिशनच्या इतिहासात हे पत्र फार प्रसिद्ध आहे. जडसनच्या सचोटीचा पुरावा म्हणून ते वाचले जाते, आणि आम्ही दोघांनीही तरुणपणी ते तसेच वाचले. आता मुलीचे आईबाप म्हणून वाचू लागलो, तेव्हा आमचे लक्ष लिहिणाऱ्यावरून हलले आणि ज्याला लिहिले त्या बापावर गेले. नंतर तिथूनही हलले, आणि जिच्याविषयी लिहिले तिच्यावर जाऊन थांबले. जडसनला देवाने बोलावले होते, अशी त्याची खात्री होती. अ‍ॅनला कोणी बोलावले होते?

मराठी ख्रिस्ती बोलीत या बोलावण्याला ‘पाचारण’ म्हणतात. शब्द बायबलच्या मराठी भाषांतरातून आला आणि आमच्या घराघरांत रुळला. अमक्याला पाचारण झाले, असे आम्ही म्हणतो. पण तो अमका विवाहित असेल तर त्याच्या पत्नीलाही ते झाले, असे गृहीत धरून मोकळे होतो. याचे मूळ फार जुने आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात देव अब्राहामाला देश सोडायला सांगतो आणि अब्राहाम निघतो. सारा त्याच्याबरोबर निघते. तिला कोणी विचारल्याची नोंद नाही.

जॉन हॅझलटाइन यांनी निर्णय मुलीवर सोपवला, ही त्या काळच्या मानाने मोठी गोष्ट होती. अ‍ॅन तेव्हा वीस वर्षांची, शाळेत शिकविणारी, स्वतःच्या श्रद्धेविषयी गंभीरपणे विचार करणारी मुलगी होती. तिने घाई केली नाही. परिचितांपैकी अनेकांना हा बेत वेडेपणाचा, बाईमाणसाला न शोभणारा वाटत होता. काही महिने स्वतःशी झगडून तिने होकार दिला, आणि तो देताना आपण हे एखाद्या माणसावरील प्रेमाखातर करीत नसून कर्तव्य म्हणून करीत आहोत, हे मैत्रिणीला मुद्दाम कळवले. आमच्यापैकी एकाला यात तिचा निर्धार दिसतो. दुसरीला वाटते, की स्वतःलाच पुन्हा पुन्हा पटवून द्यावे लागत असल्याशिवाय कोणी असे मुद्दाम लिहीत नाही. दोन्ही वाचने खरी असू शकतात.

पुढचा क्रम पाहण्यासारखा आहे. ५ फेब्रुवारी १८१२ रोजी अ‍ॅन आणि अ‍ॅडोनायरम यांचा विवाह झाला. दुसऱ्या दिवशी सेलम येथील चर्चमध्ये जडसन, सॅम्युअल न्यूएल, सॅम्युअल नॉट, गॉर्डन हॉल आणि ल्यूथर राइस या पाच तरुणांना पाळकपणाची दीक्षा देण्यात आली. त्यांना पाठविणारी संस्था, म्हणजे अमेरिकन बोर्ड, १८१० साली ब्रॅडफर्ड येथेच स्थापन झाली होती. ९ तारखेला न्यूएलचा विवाह हॅरिएट अ‍ॅटवुड हिच्याशी झाला, आणि १९ तारखेला ही दोन जोडपी ‘कॅरव्हॅन’ नावाच्या जहाजातून कलकत्त्याकडे निघाली. बाकीचे दुसऱ्या जहाजाने गेले. दीक्षा पाच पुरुषांना मिळाली. स्त्रियांना मिळाला तो विवाह. मात्र ब्रॅडफर्डचे पाळक जॉनथन अ‍ॅलन यांनी या दोघींना उद्देशून निरोपाचे प्रवचन केले आणि तुमच्या पतींना जिथे प्रवेश मिळणार नाही त्या स्त्रियांपर्यंत तुम्हालाच पोचायचे आहे, असे सांगितले. म्हणजे काम होते, आणि ते त्यांचे स्वतःचे होते. त्या कामावर रुजू होण्यासाठी मात्र त्यांना आधी कोणाची तरी पत्नी व्हावे लागले.

हॅरिएटची कथा लहान आहे. वडील आधीच वारले होते. कर्तव्याच्या जाणिवेने जात असशील तर मी अडवणार नाही, अशा अर्थाचे बोलून विधवा आईने तिला मोकळे केले. जहाज जूनमध्ये कलकत्त्याला लागले, पण ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारला हे पाहुणे नको होते. निघून जाण्याचा हुकूम झाला. न्यूएल पतिपत्नी मॉरिशसला निघाली. वाटेत समुद्रावरच हॅरिएटला मुलगी झाली आणि काही दिवसांत गेली. ३० नोव्हेंबर १८१२ रोजी पोर्ट लुई येथे क्षयाने हॅरिएटचाही अंत झाला. तिला एकोणिसावे वर्ष नुकतेच पुरे झाले होते. ज्या स्त्रियांसाठी ती निघाली होती त्यांना शिकविण्याचे काम तिच्या हातून सुरूही झाले नाही. पुढे तिची रोजनिशी आणि पत्रे अमेरिकेत छापून निघाली, घरोघर वाचली गेली, आणि ती वाचून कितीतरी मुली त्याच वाटेला लागल्या. हे यश म्हणावे की शोकान्त, याचा निवाडा आमच्या घरात अजून झालेला नाही.

एकटा न्यूएल श्रीलंकेमार्गे १८१४ साली मुंबईत पोचला. हॉल आणि नॉट त्याआधी, फेब्रुवारी १८१३ मध्ये, तिथे येऊन थडकले होते आणि हद्दपारीचा हुकूम टाळण्यासाठी गव्हर्नराकडे अर्जविनंत्या करीत होते. अमेरिकन मराठी मिशनचा आरंभ हा असा आहे. न्यूएल १८२१ साली मुंबईत पटकीने गेला. हॉल १८२६ साली गावोगावच्या फेरीवर असताना त्याच रोगाने गेला. त्यांच्या छापखान्यात मराठी मुद्रणाचे हात तयार झाले. निर्णयसागरचे जावजी दादाजी तिथेच घडले. १८४२ साली अहमदनगरला ‘ज्ञानोदय’ सुरू झाला. आम्ही दोघे त्याच अहमदनगरच्या, आता अहिल्यानगर म्हणवणाऱ्या गावच्या मंडळीतले. आमच्या पणजोबांनी ज्या मिशनच्या शाळेत अक्षरे गिरवली, तिच्या मुळाशी ब्रॅडफर्डच्या परिसरातील दोन घरांनी आपल्या मुलींना दिलेला निरोप आहे.

ही कृतज्ञता आम्हाला सरळ रेषेत मांडता येत नाही. ज्यांना वाचवायला ते निघाले होते, ते म्हणजे आमचे पूर्वज, त्यांच्या लेखी निव्वळ अंधारात चाचपडणारे लोक होते. तुकारामाचा देश आपल्याला काही शिकवील, ही शक्यता त्या जहाजात चढली नव्हती. ती मांडायला याच मिशनमधून नारायण वामन टिळकांना यावे लागले, आणि शेवटी १९१७ साली मिशनच्या चाकरीतून बाहेरही पडावे लागले.

टिळकांचे नाव निघाले की आमच्या घरात लक्ष्मीबाईंचे निघतेच. ‘स्मृतिचित्रे’ मराठी वाचकाला सांगायला नको. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तो पत्नीला न विचारता. लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या. पुढे नवऱ्याजवळ आल्या, तरी सोवळे सोडले नाही. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या मनाने विचार करून, स्वतःच्या वेळेला. त्यांना तिथे पोचायला पाच वर्षे लागली, आणि ती लागली म्हणूनच पुढचे सहजीवन दोघांचे झाले.

अ‍ॅनच्या आयुष्यातही असा एक प्रसंग आहे. जडसनच्या चरित्रात तो सहसा त्याची बाजू धरून सांगतात. जहाजावर अभ्यास करताना जडसनचे बालबाप्तिस्म्याविषयीचे मत डळमळू लागले. आपल्याला पाठविणाऱ्या मंडळीशी फारकत घ्यावी लागेल, हे दिसत होते. अ‍ॅनने त्याला स्पष्ट सांगितले, की तुम्ही बॅप्टिस्ट झालात तरी मी होणार नाही. मग ती स्वतः बायबल घेऊन बसली, दोन्ही बाजूंचे ग्रंथ वाचले, आणि अखेरीस नाइलाजाने त्याच निष्कर्षाला आली. ६ सप्टेंबर १८१२ रोजी कलकत्त्यात दोघांनी बुडवून बाप्तिस्मा घेतला. आमच्या मते अ‍ॅनचे खरे पाचारण या दिवसाचे आहे. ब्रॅडफर्डला तिने एका योजनेला होकार दिला होता. कलकत्त्याला तिने आधी नकार दिला आणि मग स्वतः शोध घेतला. पत्नीच्या नकाराला जिथे जागा असते, तिथेच तिच्या होकाराला वजन येते.

तिच्या होकाराचे वजन पुढे ब्रह्मदेशात दिसले. १८१३ साली रंगूनला पोचल्यावर तिने ब्रह्मी भाषा आत्मसात केली. सयामी शिकून मत्तयाचे शुभवर्तमान त्या भाषेत उतरवले. १८२४ साली इंग्रज आणि ब्रह्मदेश यांच्यात युद्ध पेटले आणि जडसनला हेर समजून कैदेत टाकले, तेव्हा दिवस गेलेल्या अवस्थेत ती अधिकाऱ्यांचे उंबरठे झिजवीत राहिली, आणि ब्रह्मी बायबलचे हस्तलिखित उशीत दडवून तिने ते जपले. १८२६ च्या ऑक्टोबरात ती वारली, तेव्हा पती जवळ नव्हता. तान्हे मूल सहा महिन्यांनी गेले. बापाला लिहिलेल्या पत्रातील जवळजवळ सगळी यादी खरी ठरली. हॅझलटाइनना मात्र आपली लेक मध्यंतरी एकदा पाहायला मिळाली: १८२२ साली प्रकृती ढासळल्यामुळे ती मायदेशी गेली होती. बरे वाटताच १८२३ साली ती परत निघाली. त्या खेपेला तिला न्यायला कोणी आले नव्हते, कोणी मागणीही घातली नव्हती.

१८२७ साली अमेरिकन बोर्डाने सिंथिया फॅरार या अविवाहित शिक्षिकेला मुंबईस पाठवले, आणि स्त्रीला स्वतःच्या पायांनी या वाटेवर येता येते हे मान्य केले. फॅरारबाई पुढे अहमदनगरला आल्या आणि १८६२ साली तिथेच वारल्या. त्यांच्या मुलींच्या शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिल्या होत्या, हे सर्वांना ठाऊक आहे. हॅरिएट पंधरा वर्षे उशिरा निघाली असती तर कदाचित एकटी निघाली असती, असे आमच्या मनात येऊन जाते.

हे सारे आता आठवायचे कारण घरातले आहे. आमची लेक परिचारिका आहे, जावई धर्मशास्त्र शिकवतात. पूर्व आफ्रिकेतील एका ग्रामीण भागात, तिथल्या मंडळीच्या दवाखान्यात आणि बायबल शाळेत काम करायला जावे, असे त्यांना वाटू लागले आहे. ‘त्यांना’ हे सर्वनाम आम्ही बरेच दिवस सहज वापरत होतो. विषय प्रथम जावयांनीच काढला, अतिशय अदबीने. आईबाबा, तुमच्या आशीर्वादाशिवाय आम्ही पाऊल उचलणार नाही, असेही म्हणाले. काळ बदलला आहे. तीन वर्षांनी रजा मिळेल, रोज फोनवर तोंड दिसेल. हॅझलटाइनसमोर ठेवलेला प्रश्न आमच्यासमोर नाही, आणि त्यांच्या दुःखाशी आमच्या हुरहुरीची तुलना करणे बरे नव्हे. पण त्या पत्रात जो प्रश्न विचारायचा राहिला, तो आमच्याही घरात राहूनच चालला होता.

तो तिच्या आईने विचारला, जावई गावी नसताना: हे पाचारण तुझे की त्यांचे? लेक रागावली नाही. ती म्हणाली, की प्रथम मी ते त्यांच्या तोंडूनच ऐकले, आणि अजून मला त्यांचा आवाज आणि माझा स्वतःचा आवाज वेगळा काढता येत नाही. मला थोडा वेळ हवा आहे. जावयांना हे कळले तेव्हा ते दोन दिवस गप्प होते. मग त्यांनी जायची तारीख पुढे ढकलली आणि कारण विचारणाऱ्यांना सांगितले, की आम्ही अजून ऐकतो आहोत. त्या दोन दिवसांमुळे ते आम्हाला अधिक आवडू लागले.

मधल्या काळात ती महिनाभर एका खेड्यातील दवाखान्यात काम करून आली. कोणाला सांगून नाही, कोणाबरोबर नाही. परत आल्यावर तिने स्वाहिलीचे पुस्तक मागवले आणि पाठविणाऱ्या संस्थेचा अर्ज भरायला घेतला. त्या अर्जात पाचारणाविषयी लिहायला एकच चौकट आहे आणि खाली सह्यांसाठी दोन जागा. चौकट जावयांच्या मजकुराने भरली होती. लेकीने सही केली, आणि आपला वेगळा कागद लिहून अर्जाला टाचला. तो आम्ही वाचलेला नाही. तिने दाखवला नाही आणि आम्हीही मागितला नाही. त्या रात्री आम्ही दोघांना दोन वेगळी पत्रे लिहिली. जावयांच्या पत्रात आशीर्वाद आहेत. लेकीच्या पत्रातही आहेत. शिवाय एक ओळ अशी, की तिथे जाऊन तुझे मन उद्या नाही म्हणाले, तर या घराचे दार तुला तेव्हाही उघडे असेल.