प्लग उलटवून पाहिला तेव्हा



यंदाच्या २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनासाठी अकरावीच्या मुलांनी वाचनालयाकरिता एक दिवा तयार केला होता. वीज गेली की मोठ्या पॉवर बँकेतून यूएसबी-सी केबलने २० व्होल्ट घ्यायचे, ते १२ वर उतरवायचे आणि एलईडीच्या पट्ट्या पेटवायच्या. तीन दिवस दिवा छान चालला. चौथ्या दिवशी बंद. आदल्या संध्याकाळी एका मुलाने केबल तिरकी ओढून काढली होती, हे सर्वांनी पाहिले होते. आम्ही फ्यूज तपासला, तो शाबूत निघाला. "सर्किट ठीक आहे, दोष हाताळणीचा आहे," असे आम्ही सगळ्यांसमोर म्हणालो आणि प्रदर्शनाच्या यादीतून दिवा काढून टाकला. मुलगा काही बोलला नाही. दोन दिवस तो प्रयोगशाळेकडे फिरकलाही नाही.

आपल्या सोनागिरीत भेलचे निवृत्त लोक घरोघर आहेत. त्यांपैकी स्विचगिअरमध्ये आयुष्य काढलेले एका विद्यार्थिनीचे आजोबा तिसऱ्या दिवशी आले. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "सर, फ्यूज कुठल्या लाइनवर लावलाय?"

आम्ही म्हणालो, "विजेच्या."

"आणि बाकीच्या?"

मग त्या मुलाला बोलावून घेतले आणि मल्टिमीटर त्याच्याच हाती दिला. पॉवर बँक जोडली तर बोर्डावर शून्य व्होल्ट. जुन्या चार्जरची, एका टोकाला चौकोनी तोंड असलेली केबल लावली तर ५ व्होल्ट. म्हणजे वीज येण्याचा रस्ता मोकळा होता. आता मुलाने पॉवर बँकेची केबल पुन्हा लावली, पण प्लग उलटा करून. २० व्होल्ट! पट्ट्या लख्ख पेटल्या. सुलटा केला, पुन्हा शून्य.

यूएसबी-सीला उलटे-सुलटे नसते असे आपण म्हणतो. पण सॉकेटमध्ये सीसी-१ आणि सीसी-२ अशा दोन लाइनी असतात आणि प्लग ज्या बाजूने बसेल त्याप्रमाणे त्यांतली एक कामी येते. त्या लाइनवर ५.१ किलोओहमचा रेझिस्टर दिसला तरच समोरचा पुरवठादार वीज सोडतो, आणि २० व्होल्टची मागणीही त्याच लाइनवरून होते. केबल काढून मोजले तेव्हा एका लाइनवर ५.१ किलोओहम मिळाले, दुसरीवर जेमतेम काही ओहम. (आमचे शिक्षण हिंदीतून झालेले, म्हणून आम्ही 'प्रतिरोध' म्हणतो, आजोबा 'रोध' म्हणाले, मुले 'रेझिस्टन्स'. मीटरला तिन्ही सारखेच.)

सॉकेटमध्ये सीसीची पिन वीज आणणाऱ्या पिनेला लागूनच असते, दोन पिनांच्या मध्यांत अंतर अर्धा मिलिमीटर. केबल तिरकी निघाली की क्षणभर दोन्ही टेकू शकतात. सीसीला साधारण ५ व्होल्टची सवय, तिच्यावर २० आले आणि चिपचा तेवढाच कोपरा जळाला. फ्यूजला यातले काही कळले नाही, कारण त्याच्या लाइनवर २० व्होल्ट असणे रास्तच होते. त्याची शाबुती आम्ही पुरावा म्हणून दाखवली होती!

आजोबा म्हणाले, "सबस्टेशनात प्रत्येक फीडरला त्याचा त्याचा ब्रेकर असतो. मुख्य ब्रेकरवर भिस्त ठेवून भागत नाही."

नव्या बोर्डावर सीसीच्या दोन्ही लाइनींना संरक्षण देणारी चिमुकली चिप आहे. व्होल्टेज मर्यादेबाहेर गेले की ती लाइन तोडते. एका विद्यार्थिनीने आधी स्थिर विजेपासून वाचवणारा साधा डायोड सुचवला होता. तो निमिषभराचा झटका झेलतो, पण २० व्होल्ट टिकून राहिले तर स्वतःच जळतो, हे तिने दुसऱ्या दिवशी डेटाशीट वाचून आपणहून सांगितले.

मुलांना आम्ही २०१९ च्या रास्पबेरी पाय ४ चीही गोष्ट सांगितली. त्याच्या पहिल्या आवृत्तीत दोन्ही सीसी लाइनींना मिळून एकच रेझिस्टर होता. त्यामुळे ओळखचिप असलेल्या केबलने जोडले की चार्जर त्याला ऑडिओचे उपकरण समजे आणि वीजच देत नसे. पुढच्या आवृत्तीत ते सुधारले गेले. जगभर विकल्या गेलेल्या बोर्डाचे हे, तर आपली पोरे अकरावीची.

यादीतून दिवा काढल्याचे आम्ही सर्वांसमोर सांगितले होते, म्हणून हेही सर्वांसमोर लिहीत आहोत : दोष त्या मुलाचा नव्हता. प्लग कुणाच्याही हातून तिरका निघतो, बोर्डाने ते सोसायला हवे होते. आम्ही त्याची क्षमा मागितली आहे. विश्वस्त मंडळींना विनंती, प्रयोगशाळेत सध्या एकच मल्टिमीटर आहे, आणखी चार मिळावेत.

नवा बोर्ड यायला मार्च उजाडला. विज्ञान दिन हुकला, पण दिवा आता वाचनालयात आहे. रोज संध्याकाळी तो मुलगा प्लग एकदा सुलटा, एकदा उलटा लावून पाहतो आणि मगच घरी जातो.