ढोल्या गणपतीच्या वाटेवर

पुण्याहून पांचगणी सुमारें १०० किलोमीटर. कात्रजचा चढ, शिरवळची नीरा, खंबाटकी घाट, वाई आणि शेवटीं पसरणीचा घाट, ही वाट मोटारीनें पुष्कळांनीं पाहिली असेल; परंतु सायकलीवरून तिची गोडी कांहीं निराळीच. मात्र स्वाराचें वजन ९६ किलो असलें म्हणजे ही गोडी कशी अंगाशीं येते, तें मीं गतवर्षीं अनुभविलें.

पसरणी घाट उतरत असतां मागल्या चाकांतून ‘टण्ण’ असा आवाज झाला आणि चाक ब्रेकला घासूं लागलें. एक आरा, म्हणजे आपण ज्याला स्पोक म्हणतों तो, तुटला होता. एका बाजूस दरी, मागें मोटारी! कसाबसा थांबलों आणि सायकल हातांत धरून वाईपर्यंत चालत आलों. घरीं ही हकीगत कळतांच आईनें निक्षून सांगितलें, “चाकें तरी बदल, नाहीं तर ती सायकल वीक.”

पुतण्या म्हणाला, “काका, कार्बनचीं चाकें घ्या. ४०० ग्रॅमनें हलकीं आहेत.” मलाही मोह पडला, पण मीं आधीं हिशेब मांडला. मी, सायकल व पाणी मिळून भार १०८ किलो. त्यांत ४०० ग्रॅम वांचले तर तासाभराच्या चढणीवर वेळ वांचणार सुमारें १३ सेकंद! शिवाय आमचा ब्रेक रिमला धरणारा. लांब उतारावर कार्बनची रिम तापून बिघडण्याचें भय वेगळेंच.

मग आरा तुटतो कां, हें समजून घेतलें. सारे आरे ताणून बसविलेले असतात. चाक फिरतांना जो आरा खालीं येतो त्याचा ताण क्षणभर कमी होतो व पुन्हां पूर्ववत् होतो. पुणें ते पांचगणी या वाटेवर हें प्रत्येक आऱ्यास सुमारें ४८,००० वेळां सोसावें लागतें. मागल्या चाकावर भार अधिक. त्यामुळें हबाजवळच्या वांकाशीं धातु थकतो आणि तुटतो. आमच्या मागल्या चाकाला आरे २४च होते.

तेव्हां ॲल्युमिनियमच्या रिमचीं, ३२ आऱ्यांचीं चाकें कुशल कारागिराकडून हातानें बांधून घेतलीं. टायर २५ ऐवजीं २८ मिलिमीटरचे घातले. खर्चही कार्बनच्या निम्म्याहून कमी आला. प्रथम दोनशें किलोमीटरांनंतर चाकांचा आउट पुन्हां पाहून घेतला. वाचकांपैकीं कोणी अंगानें भरदार असतील, त्यांनीं चाकें घेण्यापूर्वीं त्यांची भारमर्यादा अवश्य विचारावी, व तींत सायकल आणि सामानही धरलें आहे कीं नाहीं तेंही पाहावें.

यंदा तोच घाट निर्विघ्नपणें उतरून वाईस ढोल्या गणपतीच्या दर्शनास गेलों. कृष्णेच्या पुराचें पाणी दुभंगावें म्हणून या देवळाची मागली भिंत माशाच्या आकाराची बांधिली आहे. अडीचशें वर्षांहून अधिक काळ ती पुराचा मारा सोसते आहे. आंत ती विशाल मूर्ति. आणि या देवाचें वाहन काय, तर उंदीर! मला हंसूं आलें. वजन कमी झाल्यावर प्रवासास निघूं, असें मी किती वर्षें म्हणत होतों!

सायंकाळीं घरीं पोहोंचलों. आईनें प्रसाद हातीं घेण्यापूर्वीं मागलें चाक उचलून फिरवून पाहिलें. तें सरळ फिरलें. सायकल विकण्याची गोष्ट त्यानंतर घरांत निघाली नाहीं.