पळायचं सोंग

पळायचं, एवढंच काम होतं तुमचं. होडी वाळूला लागली, लाल डगलेवाले उतरले, की पाठ फिरवायची आणि भेदरल्यागत वर पळत सुटायचं.

२६ जानेवारी १९३८, सिडनीचा फार्म कोव्ह. गोऱ्यांच्या वसाहतीला दीडशे वर्षं झाली म्हणून गव्हर्नर फिलिपच्या आगमनाचं नाटक उघड्यावर मांडलं होतं. सिडनीच्या आदिवासींनी त्यात उभं राहायला साफ नकार दिला. मग तुम्हा पंचवीसेक पुरुषांना दूर पश्चिमेकडच्या मेनिंडी आणि ब्रेवारिनाहून आणलं. मेनिंडीच्या ङियाम्पा लोकांना तर पाचच वर्षांपूर्वी कॅरोवरा टँकहून उचलून तिथं आणून टाकलं होतं. घरच्यांना तुम्ही परत याल की नाही हेही ठाऊक नव्हतं. सिडनीत तुम्हाला रेडफर्नच्या पोलीस बराकीत कोंडून ठेवलं.

राहून राहून तुमचे पाय डोळ्यांपुढे येतात. डार्लिंग नदीच्या काठी वावरलेले, तिथली माती ओळखणारे पाय. ही वाळू तुमची नव्हे, सिडनीच्या मूळच्या गॅडिगल लोकांची. तिच्यावरून त्यांच्या वतीनं तुम्ही पळायचं, तेही ते कधी पळाले नव्हते तसं! १७८९च्या देवीच्या साथीत त्यांची माणसं पटापट गेली. तो प्रवेश या नाटकात नव्हता. बेड्या घालून आणलेले कैदीसुद्धा त्या दिवशीच्या मिरवणुकीतून वगळले होते. मग उरलं काय? एक झेंडा, आणि तुमच्या पाठी.

सोंग घेणारा सोंग उतरवून घरी जातो. तुम्हाला किनाऱ्यावरून थेट चित्ररथावर चढवलं.

पुष्कळ वर्षांनी, उत्तरेला आर्नहेम लँडमध्ये, मारुगेकू या नाट्यसंस्थेच्या कलावंतांनी पहिल्या भेटीच्या गोष्टी उघड्या आभाळाखाली सादर केल्या, तिथल्या कुन्विन्जकू वडीलधाऱ्यांनी सांगितल्या तशा. नाचणारे लांब लाकडी पायांवर, सगळ्यांच्या डोक्यांहून उंच. तुमच्या वाट्याला ती उंची आली नाही, याचं फार वाईट वाटतं.

तुमच्या त्या पळण्याच्या दिवशीच, दुपारी मिरवणूक पुढे गेल्यावर, सिडनीत एलिझाबेथ स्ट्रीटवरच्या ऑस्ट्रेलियन हॉलमध्ये आदिवासी नेते जॅक पॅटन, विल्यम फर्ग्युसन आणि विल्यम कूपर यांनी शोकदिन पाळला. सभेला शंभरेक आदिवासी जमले. त्यांना पुढच्या दारानं येऊ दिलं नाही. ते मागच्या दारानं आत गेले, आणि सभा झाली.